खड्डा कुणी खणायला लावला

मास्तरांच्या घरी पोह्यांची बशी पुढ्यात आली की लगेच चमचा उचलायची सोय नव्हती. आधी ऐकून घ्यावं लागे. पोहे परतले काकूंनी. कढीपत्ता पलीकडच्या हुसेनबीच्या कुंडीतला. चटणी कुटली काकूंच्या धाकट्या बहिणीनं. शेंगदाणे भाजले स्वतः मास्तरांनी, "त्यामुळं दोन-चार करपलेत, तेवढं सांभाळून घ्या." एवढं झालं की मग परवानगी मिळे, "हं, खावा आता." तोवर पोहे निवलेले असत. काकू आतून म्हणायच्या, "गार कुणी केले तेबी सांगा की!"

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला म्हणून माढ्याहून आले, तेव्हा पूर्व भागातल्या एका गल्लीत मास्तरांच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली. पुढं सहा वर्षं तिथंच राहिले. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. ते ग्राफ मास्तर. चादरीवर मोर विणायचा असला तर आधी तो चौकटीच्या कागदावर काढावा लागतो, एक चौकट म्हणजे एक धागा, आणि त्यावरून मग मागाची भोकांची कार्डं पाडतात. चाळीस वर्षं त्यांनी हे काम केलं. पुढं ते काम कॉम्प्युटरनं घेतलं आणि मास्तर घरी बसले. बसले म्हणायचं एवढंच. त्यांच्या डोक्यानं मात्र तेव्हापासून जी धाव घेतली ती थेट लंडन-पॅरिसपर्यंत.

मास्तरांना जागतिक प्रदर्शनांचं वेड होतं. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी विलायतेत ती प्रचंड प्रदर्शनं भरायला लागली, जगभरातली यंत्रं, कापडं, हत्तीच्या अंबाऱ्या एका छपराखाली मांडायची आणि लाखो लोकांनी बघायला यायचं, ती. पॅरिसचा लोखंडी मनोरा अशाच एका प्रदर्शनासाठी उभारला, हे आपल्याला शाळेत सांगतात आणि आपण विसरतो. मास्तर विसरत नसत. सोलापूरच्या बाहेर ते अक्कलकोट आणि दुधनीपलीकडं क्वचित गेले असतील, पण कुठल्या प्रदर्शनात हिंदुस्थानचा मंडप कोणत्या बाजूला होता हे त्यांना गल्लीतल्या नळासारखं पाठ होतं. रद्दीवाले, जुन्या पुस्तकांचे दुकानदार, लायब्रऱ्यांतले शिपाई, सगळे त्यांना ओळखत. इंग्रजी ते बोट ठेवून, एकेक शब्द लावत वाचत, पण वाचलेलं सोडत नसत.

खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझी मुलाखत घेतली. नाव नाही, गाव नाही. पहिला प्रश्न, "अंगावरची साडी कुणी विणली?"

मी दुकानाचं नाव सांगितलं.

"दुकान विणतंय व्हय?"

मी पदर उलटून बघितला, जणू तिथं नाव लिहिलेलं असणार होतं.

"शिकवता काय?"

"इतिहास."

मास्तरांनी मान हलवली आणि किल्ली पुढं केली. "मग लई काम पडलंय तुमाला, मॅडम."

खोलीकडं जायच्या आधी त्यांच्या दारात मोजून सात पायऱ्या चढाव्या लागत. गल्ली एवढी अरुंद की रिक्षा आली तर माणसानं भिंतीला चिकटावं, आणि तरी या गृहस्थांनी घराला सात पायऱ्या बांधलेल्या. गवंडी म्हणाला होता, चार पुरेत. मास्तर म्हणाले, सात. किल्ल्यांच्या जुडग्यात सात किल्ल्या, त्यातल्या तीन कशाच्याच नव्हत्या. तुळशीला पाणी घालायचं ते सात ओंजळी. लग्नाची तारीखसुद्धा त्यांनी सात धरून ठेवली होती, असं काकू सांगायच्या. "मुहूर्त आठचा निगाला. ऐकतंय कोण? भटजी रुसून बसले."

या साताचं कारण मला दोन महिन्यांनी कळलं, आणि त्यासोबत त्यांच्या वेडाचंही.

मास्तरांच्या आजोबांच्या काळी गल्लीत सगळे हातमाग होते. कापड मागावरून उतरवण्याआधी प्रत्येक विणकर शेवटी तीन तांबड्या रेघा विणायचा. मधल्या रेघेत एक उभा धागा मुद्दाम चुकवायचा, म्हणजे जिथं तो वर यायचा तिथं त्याला खालीच ठेवायचा. डाव्या काठापासून कितवा धागा चुकवला, त्यावरून घर ओळखायचं. शंभर जणांची कापडं एका हौदात धुतली तरी कुणाचं कुठलं ते चुकत नसे. प्रत्येक घराचा आकडा वेगळा आणि तो बापाकडून लेकाला मिळायचा. मास्तरांच्या घराचा आकडा सात होता. यंत्रमाग आले आणि ही चाल बुडाली. पण मास्तर पोरवयात ग्राफ शिकायला लागले तेव्हा आजोबांनी त्यांच्याकडून पहिला धडा म्हणून गल्लीतल्या साऱ्या घरांच्या खुणा एका चौकटीच्या वहीत काढून घेतल्या होत्या. ती वही मास्तरांनी मला एकदा दाखवली. पानांच्या कडा तपकिरी झालेल्या, लाल शाई फिकटलेली, प्रत्येक खुणेखाली कच्च्या अक्षरात घराचं नाव.

"एवढ्या लोकांच्या सह्या हायत ह्या," ते म्हणाले. "एकालाबी लिवता येत नव्हतं."

आणि त्यांचे पणजोबा, तेलुगूत ज्यांना ते मुत्तात म्हणत, त्यांना म्हणे एका साहेबानं विलायतेच्या प्रदर्शनात नेलं होतं. तिथं हजारो लोकांसमोर बसून विणून दाखवायचं होतं. आपला जुना माग खड्ड्याचा. विणकर जमिनीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. तिथं साहेबानं फळ्यांची चकचकीत जमीन केलेली, त्यावर माग नुसता मांडून ठेवलेला. मुत्तातांनी माग बघितला, हात जोडले आणि बाजूला जाऊन बसले. खड्डा खणल्याशिवाय विणणार नाही. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. साहेब चिडला, ओरडला. तिसऱ्या दिवशी सुतार आले, प्रदर्शनाची जमीन फोडली आणि खाली खड्डा केला. मग मुत्तात पाय सोडून बसले आणि विणायला लागले.

ही गोष्ट सांगताना मास्तर नेहमी स्वतः जमिनीवर बसत, पाय अदृश्य खड्ड्यात सोडत आणि शेवटी बोट वर करून म्हणत, "माग माणसाच्या मापाचा असतोय. माणूस कुणाच्या प्रदर्शनाच्या मापाचा होत न्हाय!"

गोष्ट झकास होती. अडचण एकच. हीच्या हीच गोष्ट मागच्या बोळात राहणारी अव्वाही सांगायची.

अव्वा विड्या वळायची; मास्तर आणि काकू तिला अक्का म्हणत. ऐंशीच्या घरातली, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि तोंडाचा पट्टा हातांपेक्षा वेगानं चालणारा. तिच्या म्हणण्यानुसार विलायतेला गेला तो तिच्या नवऱ्याचा पणजोबा, नरसय्या. खड्डा खणायला लावला तो नरसय्यानं. मास्तरांच्या घराण्यानं ही गोष्ट चोरली. या एका गोष्टीपायी दोन्ही घरांत तीन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला जाणं नव्हतं. जमीन नाही, दागिना नाही, भांडण कशाचं, तर शे-सव्वाशे वर्षांपूर्वी परमुलखात खणलेल्या खड्ड्याचं! मी माढ्याला वडलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्याकडं बांधावरनं डोकी फुटत्यात. हितं लोकांचा बांध विलायतेत हाय व्हय?"

दरवर्षी जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. गड्ड्याच्या दिवसांत मास्तर आपल्या गच्चीवर स्वतःचं जागतिक प्रदर्शन भरवत. जिन्याच्या तोंडाशी पाटी, 'जागतिक प्रदर्शन. चपला काढून वर यावे.' वर दोन बाकांवर जुनी चादर आणि त्यावर गल्लीतल्या वस्तू. हुसेनबीच्या नवऱ्यानं ठोकलेली पत्र्याची पेटी, काकूंची शेंगाचटणी, महिना झाला तरी न मोडणारी कडक भाकरी, कुणीतरी शिवलेली दुपटी. एका वर्षी माझा प्रबंधसुद्धा तिथं भाकरीशेजारी मांडला होता. प्रत्येक वस्तूपुढं चिठ्ठी आणि चिठ्ठीवर आधी करणाऱ्याचं नाव, मग वस्तूचं. नाव माहीत नसलेली वस्तू कितीही देखणी असो, आत घ्यायची नाही, हा नियम. नवा कोरा मिक्सर घेऊन आलेल्या एका शेजाऱ्याला त्यांनी जिन्यातून परत पाठवलं होतं.

"वस्तू काय बगायलात," ते येणाऱ्याला म्हणत, "चिठ्ठी बगा. तिकडं लाखभर वस्तू होत्या. चिठ्ठीवर राजाचं नाव, कंपनीचं नाव, साहेबाचं नाव. केलं कुणी, ते न्हाय."

आणि दरवर्षी खालून अव्वाचा आवाज यायचा, "भरली का रे थापांची जत्रा?" मास्तर कठड्यापाशी जाऊन वरून हात जोडायचे. वर ती कधी आली नाही.

एकदा मी मास्तरांना आमच्या कॉलेजातल्या व्याख्यानाला नेलं. बाहेरगावचे एक नामांकित प्राध्यापक जागतिक प्रदर्शनांच्या वास्तुकलेवर बोलणार होते. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. व्याख्यान खरंच चांगलं झालं. प्रश्नोत्तरांत मास्तर उभे राहिले. "सर, तो मनोरा ज्यांनी खिळे मारून उभा केला, त्यातल्या एका लोहाराचं नाव सांगा की. एकच."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "मला ठाऊक नाही."

"चालतंय," मास्तर म्हणाले, "शोधा म्हंजे झालं." आणि चहा कुणी केला ते विचारायला कॅन्टीनमध्ये निघून गेले. पुढं दोन दिवस स्टाफरूममध्ये माझी चेष्टा चालली होती. मला राग आला होता तो मास्तरांचा नव्हता. पंधरा वर्षं इतिहास शिकून हा प्रश्न मला का सुचला नाही, याचा होता.

अलीकडं या प्रदर्शनांकडं बघायची अभ्यासकांची नजर पालटली. पूर्वी इमारती, यंत्रं, पदकं यांवर ग्रंथ लिहिले जात. आता नव्या दमाचे लोक वेगळं विचारायला लागले. तिथं वस्तूंसारखी मांडून ठेवलेली माणसं कोण होती, ती काय जेवली, त्यांना थंडी सोसली का, परत आली का, आणि प्रदर्शन उठल्यावर सगळा माल कुठं गेला. एका ऑनलाइन परिसंवादात मी हे ऐकलं आणि जिना उतरून धावतच खाली गेले. "मास्तर, जग तुमच्या मागून यायला लागलंय!"

मास्तरांनी शांतपणे विचारलं, "कोण म्हणालं? नाव काय?"

नाव होतं एका परदेशी संशोधक मुलीचं. प्रदर्शनात नेलेल्या विणकरांवर ती काम करत होती. मी तिला पत्र लिहिलं, मास्तरांची गोष्ट कळवली आणि विसरून गेले. तीन महिन्यांनी तिचं उत्तर आलं. प्रदर्शनाच्या जुन्या कागदांत तिला मंडपावरच्या अधिकाऱ्याची एक तक्रार सापडली होती. सोलापूरहून आणलेला एकमेव विणकर काम करायला नकार देतो, त्याला जमिनीत पाय सोडायला जागा हवी आहे, अखेर नाइलाजानं जमीन उघडावी लागली, अशा अर्थाची. विणकराचं नाव त्यात नव्हतं. नुसता हट्टी विणकर.

मी ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा मास्तर उठून उभे राहिले. मग बसले. मग परत उठले. काकूंना हाक मारली, काकू आल्या तर त्यांना काही सांगता येईना. शेवटी काकूंनीच विचारलं, "खड्डा खरा निगाला का?" मास्तरांनी मान हलवली आणि पंच्यानं तोंड झाकून घेतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता. ज्या गोष्टीला गावानं थाप म्हटलं, ती शब्दन् शब्द खरी होती.

पण खड्डा कुणाच्या पणजोबाचा, हे तक्रारीत नव्हतं.

ते ठरवायची एक वाट होती. त्या विणकरानं मंडपात विणलेलं कापड तिकडच्या एका संग्रहालयात पेटीत पडून होतं, 'कारागीर अज्ञात' अशी चिठ्ठी लावून. कापडाच्या शेवटी तीन तांबड्या रेघा दिसतात, त्या कशाच्या आहेत कळत नाही, असं तिनं सहज लिहिलं होतं. मी मास्तरांची वही आणि घरांच्या खुणा तिला समजावून सांगितल्या. तिनं कापडाचे अगदी जवळून, धागा न् धागा दिसेल असे फोटो काढवून घेतले आणि ठरल्या वेळी ती आमच्यासमोर स्क्रीनवर बसली. कुठल्या घराचा आकडा कुठला, हे मात्र मी तिला अजून सांगितलं नव्हतं. नाव पक्कं झालं की संग्रहालय चिठ्ठी बदलणार होतं आणि तिच्या पुस्तकातही ते नाव जाणार होतं.

दुपारची वेळ. काकूंनी शिरा केला होता. मास्तरांनी अंघोळ करून, तुळशीला सात ओंजळी घालून, धागे मोजायचं आपलं छोटं पितळी भिंग काढलं. मी लॅपटॉपवर फोटो मोठा केला. तीन रेघा दिसल्या. कुणीतरी आत्ताच विणल्यासारख्या तांबड्या होत्या. मास्तरांनी स्क्रीनला हात लावून नमस्कार केला आणि डाव्या काठावर बोट ठेवलं. मोजणी ते नेहमी तेलुगूत करत.

"ओकटि... रेंडु... मूडु... नाल्गु."

बोट थांबलं. मला वाटलं, दम घेतायत. मी मनात पुढचे तीन मोजूनही टाकले. बोट हललं नाही.

त्यांनी भिंग पुसलं. परत काठापासून सुरुवात केली. ओकटि, रेंडु, मूडु, नाल्गु. परत तिथंच. मग उजव्या काठाकडून बघितलं, तिकडं चूक नव्हतीच. फोटो उलटा तर नाही ना म्हणून कापडाची सुलटी-उलटी बाजू धाग्यांवरून ताडून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. चौथा धागा खाली होता.

"मनदि कादु," मास्तर म्हणाले. आपली नाही.

स्क्रीनवरच्या मुलीनं विचारलं, ते काय म्हणतायत? तिला ना तेलुगू येत होतं, ना मराठी. तिच्यात आणि मास्तरांच्यात मी एकटीच होते. मी तिला म्हटलं, थांब, ते अजून बघतायत.

आणि मग मी जे बोलले ते लिहायला आजही हात धजत नाही. पण मास्तरांबद्दल लिहायचं तर ते लिहायलाच हवं. मी हळू आवाजात म्हटलं, "मास्तर, वही तुमच्याशिवाय कुणी बघितलीय?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडं बघावं तसं.

"तुमी बगितली की," ते म्हणाले.

मग स्वतःच उठून कपाटातून वही आणली, पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. चार. खाली त्यांच्याच पोरवयातल्या अक्षरात लिहिलेलं, नरसय्याचं घर. "सांगा तिला. चार म्हंजे अक्काचं घर. नीट सांगा, नावाचं स्पेलिंग चुकवू नका."

मी सांगितलं. स्पेलिंग दोनदा सांगितलं. ती मुलगी आनंदानं जवळजवळ ओरडली, आणि तिला बिचारीला काय कळावं की इकडं काकू शिऱ्याचं भांडं घेऊन दारातच उभ्या राहिल्यात.

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणीही काकूंनीच घातलं. मला वाटलं, आता किती दिवस असे बसतात कोण जाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, वही पिशवीत टाकली, आणि मला हाक मारली, "मॅडम, चला. साक्षीदार लागतोय."

मागच्या बोळात अव्वा ओट्यावर बसून विड्या वळत होती. मास्तर समोर जाऊन उभे राहिले. तिनं मान वर केली नाही.

"अक्का," मास्तर म्हणाले, "तुमचंच खरं. खड्डा तुमच्या नरसय्यानं खणायला लावला. आमच्या मुत्तातानं न्हाय. आमी तीन पिढ्या खोटं बोलालो."

अव्वाचे हात थांबले. त्या हातांना थांबलेलं मी पहिल्यांदा बघितलं. बोळातल्या दोघी-तिघी दारांत आल्या. मास्तरांनी वही उघडून चौथा धागा दाखवला, मी फोटो दाखवला. अव्वाला त्यातलं काही कळत नव्हतं. तिच्या घरात माग उठून साठ वर्षं झाली होती आणि आपल्या घराला आकडा होता हेच तिला ठाऊक नव्हतं. गोष्ट तेवढी राहिली होती.

"तुला कुणी सांगितलं, आमचं म्हणून?" तिनं विचारलं.

"कुणी न्हाय. मीच मोजलं."

"मग चार आपलाच म्हणायचं होतंस की. आमाला काय कळालं असतं?"

"मला कळालं असतं की, अक्का."

अव्वानं हातातली अर्धवट विडी सुपात टाकली. मग सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि ओट्यावर सरकून जागा केली. "बस," म्हणाली. मास्तर बसले. आतून चहा आला. मास्तरांनी कप हातात धरला आणि सवयीनं विचारलं, "कुणी केला?" अव्वा म्हणाली, "सुनेनं. गप पी."

काही महिन्यांनी संग्रहालयानं चिठ्ठी बदलली. 'नरसय्या, विणकर, सोलापूर.' त्या मुलीनं कापडाचा आणि नव्या चिठ्ठीचा मोठा फोटो पाठवला. तिच्या पुस्तकात गल्लीतल्या वहीचा उल्लेख करायचा होता, तर कुणाच्या नावानं करू असं तिनं विचारलं. मास्तरांनी कळवलं, आजोबांच्या. मी म्हटलं, "अहो, वही तुम्ही काढलीत." तर म्हणाले, "हात माझा, डोकं त्यांचं. ग्राफ मास्तराला एवढं कळतंय."

त्या वर्षीच्या गड्ड्यात गच्चीवरच्या प्रदर्शनाला उभं राहायला जागा नव्हती. बाकाच्या मधोमध तो फोटो होता. पुढं मास्तरांच्या चौकटीतल्या अक्षरात चिठ्ठी. आणि दुपारी काकू जिन्यातून ओरडत वर आल्या, "अवो, अक्का आल्यात!"

दारातल्या सात पायऱ्या चढायलाच अव्वाला पाव तास लागला. प्रत्येक पायरीवर थांबून ती मास्तरांना शिव्या देत होती. मग गच्चीचा जिना. वर आली, दम घेतला, आणि फोटोसमोर जाऊन उभी राहिली. "वाच," मास्तरांना म्हणाली.

मास्तरांनी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "विणलं, नरसय्यानं. खड्डा खणायला लावला, नरसय्यानं."

अव्वानं पदरानं डोळे पुसले. फोटोवरून हात फिरवला. मग सबंध बाकभर नजर टाकली, पेटी, भाकरी, दुपटी, एकेका चिठ्ठीवर बोट ठेवून कुणाची ते विचारलं. आणि एकदम मागं वळून म्हणाली, "आन तुझी कुटाय?"

"माझी कशाला? मी काय केलंय ह्यात?"

"व्वा रे! एवढ्या जणांची नावं लावलास आन सोता मोकळाच? ए मास्तरीणबाई," ती माझ्याकडं वळली, "कागद घे."

मास्तर नको-नको म्हणत कठड्यापर्यंत मागं गेले. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला चिठ्ठी नकोशी झालेली मी बघत होते. मी आतापर्यंत विद्यापीठात, परिसंवादांत पुष्कळ मोठी माणसं बघितली. त्या दिवशी त्या गच्चीवर मी त्यांची भाडेकरू आहे याचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा पदवी घेतानाही वाटला नव्हता.

मी कागद घेतला. वर लिहिलं, 'मोजलं', आणि पुढं मास्तरांचं पूर्ण नाव. अव्वानं चिठ्ठी फोटोशेजारी उभी करायला लावली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मास्तर खाली मान घालून पुढं आले, खिशातून पितळी भिंग काढलं आणि माझी चिठ्ठी तपासली.

"मॅडम," ते म्हणाले, "अपुरी हाय. किती मोजलं ते लिवा की."

मी त्यांच्या नावापुढं लिहिलं, चार.